भूतकाळाचा तास

अंजूने चार वर्षं नागपुरात बसून मेक्सिकोतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तिकडच्या एका मोबाईल कंपनीचं ग्राहक केंद्र नागपुरात होतं. कुणाचं रिचार्ज झालं नाही, कुणाचं बिल दुप्पट आलं, की तो माणूस फोन लावायचा आणि त्याचा राग थेट अंजूच्या कानात यायचा. स्पॅनिशची पदवी तिने वर्ध्याला पहिल्या वर्गात मिळवली होती, पण बोलायला शिकली ती या फोनवर. त्यामुळे तिची सगळ्यात अस्खलित वाक्यं माफी मागण्याची होती. पुढे कंपनीने ते काम यंत्राकडे सोपवलं आणि अंजू देवळीला घरी परत आली. वडिलांच्या कापडाच्या दुकानावर एक खोली रिकामी होती. तिथून ती पुण्या-बंगलोरच्या शाळकरी मुलांना ऑनलाइन स्पॅनिश शिकवू लागली.

दिवाळीनंतर तिला कारंजा घाडगेहून योगेंद्र नावाच्या माणसाचा फोन आला. तिथल्या संत्रा बागायतदारांनी मिळून एक कंपनी काढली होती, तिचा तो अध्यक्ष.

"मार्चमधी आमचे सहा जन स्पेनले चालले, म्याडम. वालेन्सियाले. संत्र्याच्या नर्सऱ्या पाहाच्या आहेत. दुभाषी दिवसाचे दोनच तास भेटते. बाकीच्या वेळी आमी काय मुक्यावानी उभं राहाचं? लिहिनं-वाचनं नाई शिकवलं तरी चालते. बोलता आलं पाह्यजे."

वीस तास ठरले. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी अकरा ते बारा.

कंपनीच्या पॅकिंग शेडच्या माडीवर वर्ग भरला. खाली संत्र्यांची प्रतवारी चालायची, मागे हायवेवरचे ट्रक. अंजू देवळीहून वर्धा आणि वर्ध्याहून कारंजा अशा दोन एसटी बदलून पोचली, तेव्हा सहाही जण वह्या उघडून बसलेले होते. योगेंद्र आणि सचिन हे दोघे चाळिशीच्या आतले. सचिनने फोनवर एक ॲप लावून 'सफरचंद लाल आहे' इथपर्यंत मजल आधीच मारली होती. अण्णाजी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आता पूर्णवेळ बागायतदार. भागीरथाबाई नवऱ्यामागे कलमांची नर्सरी एकटीने चालवणाऱ्या. आणि दोघे पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे: रूपराव खिडकीजवळ, डोमाजी दाराजवळ. या दोघांच्या खुर्च्यांमध्ये खोलीत जेवढं अंतर मावेल तेवढं होतं. अंजूने ते पाहिलं, पण त्याचा काही अर्थ असेल असं तिच्या मनात आलं नाही.

तिने पिशवीतून रबरी चेंडू काढला. चेंडू ज्याच्याकडे जाईल त्याने आपलं नाव सांगायचं: मे यामो अमुक. मग पुढच्याकडे टाकायचा. शाळकरी मुलांवर हा खेळ कधी फसला नव्हता. तिने पहिला चेंडू रूपरावांकडे टाकला. त्यांनी तो नीट झेलला, मांडीवर ठेवला, आणि तास संपेपर्यंत तो तिथेच राहिला.

"म्याडम," अण्णाजी म्हणाले, "हे चेंडू-बिंडू पोट्ट्याहीले ठीक आहे. आदी व्याकरन होऊ द्या. पाया पक्का पाह्यजे."

अंजूलाही ते सोयीचं वाटलं. पुढचे तीन तास तिने फळ्यावर क्रियापदं लिहिली, सर्वनामं लिहिली, शंभरपर्यंत आणि मग हजारापर्यंत अंक लिहिले. सहाही जणांनी ते देवनागरीत उतरवून घेतलं. 'तू' हा शब्द आला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, कारण स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तूच. 'मी' आला तेव्हा घोटाळा झाला, कारण तिकडे मी म्हणजे माझा. वह्या भरत होत्या, कुणी काही बोलत नव्हतं, आणि सगळे समाधानी होते.

चौथ्या तासाच्या शेवटी योगेंद्र उभा राहिला. "आता कोनी एक वाक्य बोलून दाखवा. कोनतंही."

खालच्या शेडमधून क्रेट आपटल्याचा आवाज आला. मग अण्णाजींनी डोळे मिटून 'असणे' या क्रियापदाची सहाही रूपं एका दमात म्हटली.

"वा," योगेंद्र म्हणाला. "पन तिथं तो मानूस झाड दाखवून आपल्याले काई पुसन, तर आपन त्याले हे म्हनून दाखवाचं का?"

योगेंद्र अंजूला काही बोलला नाही, पण ते वाक्य तिच्यासाठीच होतं. परतीच्या एसटीत तिने ते बराच वेळ मनात घोळवलं. नागपुरात पहिल्याच आठवड्यात फोनवरच्या एका बाईने तिला विचारलं होतं की माझा नंबर कधी चालू होईल. बाईला उत्तर हवं होतं आणि ते अंजूशिवाय कुणाकडे नव्हतं, म्हणून तिच्या तोंडून मोडकंतोडकं का होईना, वाक्य निघालं. इथे असं विचारणारं कुणीच नव्हतं. रूपरावांना आपलं नाव रूपराव आहे हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असलेलं माहीत होतं. ते सांगायला चेंडू कशाला हवा?

पाचव्या तासाला तिने वह्या गोळा करून कपाटात ठेवल्या. अण्णाजींची वही काढून घेताना थोडी ओढाताण झाली.

"आजपासून दोन नियम," ती म्हणाली. "ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही तेवढंच विचारायचं. आणि जो मराठी बोलेल त्याने उठून सगळ्यांना पाणी द्यायचं."

त्या दिवशी माठ रिकामा झाला. पण खेळ जमू लागले. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकाच्या पुढ्यात टेबलावर सहा संत्री, दोन पानं, एक कात्री अशी मांडणी. त्याने ती बोलून सांगायची, आणि मागच्याने न बघता आपल्या टेबलावर तशीच मांडायची. भागीरथाबाईंनी सचिनला इतक्या खणखणीत आवाजात 'डावीकडे नाही, उजवीकडे' सांगितलं की खाली प्रतवारी करणाऱ्या बाया काम थांबवून जिन्यापाशी आल्या. सचिनच्या टेबलावर शेवटी कात्रीच्या जागी पान निघालं. अण्णाजींनी ते उभं राहून तपासलं आणि दोघांना दहापैकी सात गुण दिले.

सहाव्या तासाला अंजूने जोड्या चिठ्ठ्यांवर ठरवायचं ठरवलं. एका डब्यात सहा चिठ्ठ्या, प्रत्येक रंगाच्या दोन. रूपरावांनी हिरवी काढली. डोमाजींनी हिरवी काढली.

योगेंद्रने घसा खाकरला. "म्याडम, चिठ्ठी परत काढू."

अंजूला वाटलं, पुन्हा टाळाटाळ सुरू झाली. "नाही. निघाली ती निघाली."

रूपराव खिडकीजवळून उठले, डोमाजी दाराजवळून. पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्यांवर दोघे बसले. बसताना कुणीही मागे पाहिलं नाही. बाकीच्या दोन जोड्यांनी आपला खेळ सुरूच केला नाही. अंजूने फळ्यावरच्या प्रश्नांकडे बोट दाखवलं आणि वाट पाहिली. तिला वाटलं होतं मिनिटभर लागेल. त्याहून पुष्कळ जास्त लागलं.

"कोमो ते यामास?" शेवटी रूपराव भिंतीकडे बघत म्हणाले. तुझं नाव काय?

भागीरथाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"मे यामो डोमाजी," डोमाजी दाराकडे बघत म्हणाले.

"क्वांतोस आर्बोलेस तिएनेस?" झाडं किती आहेत तुझी?

"सेतेसिएंतोस."

रूपरावांनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांची मान अर्धवट वळली. "सेतेसिएंतोस? सातशे?"

"पाणी," सचिन हळूच म्हणाला, पण त्याला कुणी दाद दिली नाही.

"सी," डोमाजी म्हणाले. "सेतेसिएंतोस."

नाल्यापलीकडे डोमाजींनी तीन वर्षांपूर्वी दोनशे कलमं नवीन लावली होती आणि रूपरावांना त्याचा पत्ता नव्हता, हे अंजूला नंतर कळलं. आता विचारायची पाळी डोमाजींची होती. फळ्यावर शेवटी कुटुंबाचे प्रश्न होते, त्यातला पहिलाच त्यांनी उचलला. बहुधा तो सगळ्यात लहान होता म्हणून.

"क्वांतोस एर्मानोस तिएनेस?" भाऊ किती आहेत तुला?

खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची शिटी वाजत होती.

"उनो," ते म्हणाले. मग अंजू वर्गात पूर्ण वाक्याचा आग्रह धरायची म्हणून असेल, त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं. "तेंगो उन एर्मानो." मला एक भाऊ आहे.

तास संपल्यावर भागीरथाबाई अंजूला बस स्टँडपर्यंत सोडायला आल्या. एरवी त्या येत नसत.

"म्याडम, तुमाले कोनी सांगतलं नसन. ते दोघं सख्खे भाऊ आहेत. रूपरावजी मोठे. अकरा वर्सं झाले, बोलत नाई एकमेकाशी."

हिस्से झाले तेव्हा विहीर डोमाजींच्या वावरात आली आणि पाणी दोघांचं राहिलं. मोटर कुणी किती वेळ चालवायची यावरून पहिलं भांडण झालं. ते मिटलंही असतं. पण मधल्या काळात रूपरावांच्या मुलीचं लग्न झालं आणि सख्खा काका लग्नाला आला नाही. तेव्हापासून निरोप द्यायचा तर बायकांमार्फत किंवा गड्यामार्फत. स्पेनच्या दौऱ्यात दोघांची नावं झाडांच्या संख्येवर लागली, तेव्हा योगेंद्रने दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं की लांब-लांब बसा. अंजूला सांगायचं मात्र राहून गेलं.

"मी चिठ्ठी बदलायला हवी होती," अंजू म्हणाली.

"काऊन? चांगलं झालं," भागीरथाबाई म्हणाल्या. "मी तर म्हनतो, रोज तीच चिठ्ठी काढजा."

अंजूने तशी लबाडी केली नाही, पण पुढच्या तासांना हे दोघे समोरासमोर आले तर ती मध्ये पडेनाशी झाली. वर्गाबाहेर त्यांचं काही बदललं नव्हतं. दोघे आपापल्या मोटरसायकलवर वेगवेगळे यायचे, जिन्यात एकाने दुसऱ्याला वाट दिली तरी मान खाली असायची. वर्गात मात्र विचारायचे. बाग केवढी, कलमाचा खुंट कोणता, डिंक्या रोग आहे का, घरात माणसं किती. सख्ख्या भावाला विचारतात तसं नव्हे, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला विचारतात तसं. मराठीत यातलं एकही वाक्य त्यांना एकमेकांशी बोलता आलं नसतं. मराठीत बोलणं म्हणजे कुणीतरी माघार घेतली असा त्याचा अर्थ झाला असता. हे तर म्याडमनी दिलेलं काम होतं.

अकराव्या तासाला भागीरथाबाई बातमी घेऊन आल्या. त्यांचं वावर या दोघांच्या शेजारी. आदल्या दिवशी विहिरीवर दोघे एकाच वेळी मोटर लावायला पोचले होते. बराच वेळ दोघेही बटणाच्या पेटीकडे बघत उभे राहिले. मग रूपरावांनी डोमाजींकडे बोट केलं. "ओय, तू." आणि स्वतःच्या छातीला बोट लावलं. "मान्याना, यो." आज तू, उद्या मी. डोमाजींनी 'सी' म्हटलं आणि मोटर चालू केली.

"चार शब्दात फैसला," भागीरथाबाई म्हणाल्या. "जे पंचाईले जमलं नाई."

मग त्या थोडं जवळ आल्या. "एक पुसू? तुमी काल-परवाचं अजून शिकवलं नाई ना? होतं, गेलं, केलं, असं?"

"भूतकाळ? नाही. पुढच्या आठवड्यात घेणार आहे."

"नका शिकवू."

अंजू हसली. भागीरथाबाई हसल्या नाहीत.

"हासू नका, म्याडम. त्याहीचं जे काई भांडन आहे ते सारं मागचं आहे. तू असं केलं, मी तसं म्हटलं नवतं. आता त्याहीले आज अन् उद्या एवढंच येते. त्यात भांडाले शब्दच नाई भेटत."

अंजूने भूतकाळ पुढे ढकलला. त्या जागी तिने हवामान घेतलं, दुकानातली खरेदी घेतली, वाट विचारणं घेतलं. खरेदीच्या खेळात डोमाजी दुकानदार झाले आणि योगेंद्रने कितीही घासाघीस केली तरी त्यांनी भाव सोडला नाही. अण्णाजींच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. "पंधरा तास झाले," ते म्हणाले, "अन् या भाषेत अजून काल उगवला नाई." याचं पाणी त्यांना सगळ्यांना द्यावं लागलं.

सोळाव्या तासाआधी वालेन्सियाच्या नर्सरीतून मेल आला. येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही हे विचारू, असं म्हणून त्यांनी वीस प्रश्न पाठवले होते. झाडं कधी लावली? गेल्या वर्षी किती मेली? कोणतं औषध मारलं? पाणी किती दिलं? वीसपैकी चौदा प्रश्न भूतकाळातले होते. अंजूने तो कागद भागीरथाबाईंना दाखवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला.

"मंग काय," त्या म्हणाल्या. "शिकवा."

तिने एक तास रूपं दिली आणि दुसऱ्या तासाला खेळ घेतला. प्रत्येकाने कालचे तीन प्रसंग सांगायचे. त्यातले दोन खरे, एक खोटा. बाकीच्यांनी प्रश्न विचारून खोटा शोधायचा. सचिन काल नागपूरला गेला नव्हता, ते लगेच निघालं. अण्णाजींनी तिन्ही खरे सांगितले. खोटं सांगायचं त्यांना जमेना. भागीरथाबाईंनी काल आपल्या वावरात हत्ती आला असं सांगितलं आणि त्यावर सगळ्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले.

मग डोमाजी. "काल मी भाकर खाल्ली. काल मी झाडांना पाणी दिलं. काल मी एका लग्नाला गेलो."

तिसरं वाक्य खोटं होतं. डिसेंबर संपत आला होता आणि आदल्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. डोमाजींना बोदा, म्हणजे लग्न, हा शब्द पाठ होता म्हणून त्यांनी तो वापरला. त्यापलीकडे त्यांच्या मनात काही होतं असं अंजूला वाटलं नाही.

रूपरावांनी हात वर केला. वर्गात ते कधी हात वर करत नसत.

"ला बोदा," ते म्हणाले. "ला बोदा दे मी..." मुलीचा शब्द त्यांना आठवायला वेळ लागला. "दे मी इहा. पोर के नो बिनिस्ते?"

माझ्या मुलीच्या लग्नाला का नाही आलास? वाक्यात एकही चूक नव्हती. या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते.

डोमाजी म्हणाले, "यो..." त्यांनी सुरुवात केली, सोडली, पुन्हा केली. मग त्यांनी अंजूकडे पाहिलं.

"म्याडम, अक्षदले काय म्हनते?"

अंजूने डोकं खाजवलं. तांदूळ तिला येत होतं, लाल रंग येत होता, आमंत्रण येत होतं. पण लग्नघरच्या माणसाने स्वतः दारात येऊन, पाटावर बसून, कपाळी कुंकू लावून हातात ठेवलेले ते चार दाणे त्या भाषेत नव्हते.

"त्याला शब्द नाही," ती म्हणाली.

"मंग कसं सांगू याले?" डोमाजी म्हणाले आणि रूपरावांकडे वळले. "तू अक्षद घिऊन आला नाई. पोराच्या हाती पत्रिका धाडली. पोरगं मोटरसायकलवरून उतरलं बी नाई. कुंपनावरून देल्ली अन् गेलं. सख्ख्या भावाले कोनी अशी पत्रिका देते का?"

अकरा वर्षांत भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं मराठी होतं. पाण्याच्या नियमाची आठवण कुणी काढली नाही.

"अन् मी आलो असतो तं तू दार उघडलं असतं का?" रूपराव म्हणाले.

"तू आलाच नाई, तं मले काय मालूम?"

"विहिरीवर तू सांगतलं होतं, माह्या वावरात पाय ठेवजो नको म्हनून."

"ते मोटरसाठी होतं! घराचं कोन म्हटलं होतं?"

डोमाजी उठले, रुमाल खांद्यावर टाकला आणि जिना उतरून गेले. मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला. अंजूने घड्याळ पाहिलं. तासाची वीस मिनिटं शिल्लक होती. तिने खेळ पुढे चालवला, पण योगेंद्रने सांगितलेले तिन्ही प्रसंग कुणी ऐकले नाहीत.

घरी आल्यावर तिने आईला हे सांगितलं. कौशल्याबाई दुकानातून नुकत्याच वर आल्या होत्या आणि लसूण सोलत होत्या.

"धाकट्याचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पत्रिकेनं कोन जाते?"

"आई, सख्ख्या पुतणीचं लग्न होतं."

"म्हनूनच तं."

अंजूला वाटलं, आपण एक जमत आलेली गोष्ट मोडली. दुसरं वाटलं ते असं, की लग्नाचं ते वाक्य तिने शिकवलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा रूपराव नीट बोलले. हे दोन्ही तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या तासाला दोघेही आले नाहीत. त्याच्या पुढच्या तासाला डोमाजी आले, रूपराव उशिरा आले, आणि येऊन खिडकीजवळ न बसता मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसले. काय झालं ते अंजूने विचारलं नाही. भागीरथाबाईंनाही पूर्ण माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की रविवारी सकाळी रूपराव बायकोला घेऊन डोमाजींच्या घरी गेले. डोमाजींच्या ओसरीवर तासभर बसले. आवाज चढलेले ऐकू आले, मग चहाच्या कपबश्या वाजल्या, मग पुन्हा आवाज चढले.

त्यानंतर वर्गात नवीच अडचण उभी राहिली. दोघे भाऊ मराठीत बोलू लागले आणि थांबेनात. जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम बरं की दुसऱ्या कशावर, शेणखत केव्हा द्यावं, बापाने पहिली शंभर झाडं कोणत्या वर्षी लावली, सगळ्यावर वाद. अकरा वर्षांचं साचलेलं होतं. अंजूला टेबलावर डस्टर आपटावं लागायचं. शेवटच्या दोन तासांत त्या दोघांनी जेवढं पाणी वाटलं तेवढं बाकी चौघांनी मिळून वाटलं नसेल.

विहिरीवर एकच मोटर राहिली. पाळीवरून अधूनमधून कुरबुरही राहिली. दुसरी मोटर बसवू, असं योगेंद्रने सुचवलं, तेव्हा दोघेही त्याच्यावरच उखडले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहाही जण गेले. योगेंद्रने ग्रुपवर फोटो टाकले: टोप्या घातलेले सहा जण, मागे रांगेत लावलेली ठेंगणी झाडं, अण्णाजींच्या हातात वही. फोटोंखाली सचिनने लिहिलं होतं की इथली माणसं आपसात भलतीच भाषा बोलतात, म्याडमनी शिकवलेली नाही, पण आपण विचारलं की मग आपल्यासारखं बोलतात. तिकडच्या लोकांची घरची बोली वेगळी आहे, हे अंजूने पुस्तकात वाचलं होतं. वीस तासांत ते सांगायचं तिला सुचलं नव्हतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिचा ऑनलाइन वर्ग चालू असताना फोन वाजला. रूपराव होते. तिने मुलांना थांबायला सांगितलं.

"म्याडम, डोम्याचं पोट बिघडलं," ते म्हणाले. "रूमवर पडून आहे. दुभाषी चार वाजता येते, इथं आता साडेबारा झाले. मी औषधाच्या दुकानात उभा आहो."

"दुकानदाराला फोन द्या, मी बोलते."

"नाई, तुमी मले सांगा. मी म्हनतो. मी एर्मानो एस्ता एनफेर्मो, एवढं म्हटलं म्या. भाऊ बिमार आहे हे त्याले समजलं. पन काय होऊन राह्यलं, ते पुसते तो."

अंजूने सांगितलं. "ले दुएले एल एस्तोमागो. त्याचं पोट दुखतंय. आणि जुलाब असतील तर दियार्रेया."

"दियार्रेया? हे तं डॉक्टरच्या चिठ्ठीवानी झालं."

फोन कानापासून दूर गेला. रूपरावांचा आवाज आला, हळू, एकेक शब्द सुटा. मग एका बाईचा आवाज, भराभर. बाई काय विचारते आहे ते अंजूला कळत होतं: वय किती, ताप आहे का, काल काय खाल्लं. मध्ये बोलावं असं तिला दोनदा वाटलं. ती बोलली नाही. "सिंकुएंता इ दोस," रूपराव म्हणाले. बावन्न. "नो, ताप नो." मग "आयेर," ते म्हणाले, "कोमियो मुचास नारांहास." काल त्याने खूप संत्री खाल्ली. ती बाई हसली. रूपराव हसले की नाही ते कळलं नाही.

कागदी पिशवी चुरगळल्याचा आवाज आला.

"देल्लं तिनं," रूपराव फोनवर परत येऊन म्हणाले. "दिवसातून तीनदा घ्या म्हनते. पान्यासंग. समजलं मले. ठेवू?"

"ठेवा. संध्याकाळी कसं आहे ते कळवा."

"हाव. तो आयकत नाई कोनाचं, लहानपनापासून तसाच आहे. मी पाजतो."

फोन बंद झाला. स्क्रीनवर चार मुलं आपापल्या चौकोनात वाट बघत होती. एक जण खुर्चीवर गोल फिरत होता. अंजूने त्याला सरळ बसायला सांगितलं आणि तास पुढे सुरू केला. रंगांची नावं चालली होती. निळ्यापर्यंत झालं होतं.